पक्खीला दोन फोन



संवत्सरीला सकाळपासून मोबाईल थांबत नाही. हात जोडलेली चित्रे, फुले, दिवे आणि खाली 'मिच्छामि दुक्कडम्'. आपणही तेच पुढे पाठवतो. दिगंबर मैत्रिणींकडे क्षमावाणीला हेच चालते. या संदेशांबद्दल माझी तक्रार नाही. वर्षातून एकदा तरी आठवण निघते, हे चांगलेच आहे. पण क्षमापनेचे सगळे काम त्या एका दिवसावर टाकले तर ते होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या धर्मानेही ते एका दिवसावर टाकलेले नाही. प्रतिक्रमणे पाच सांगितली आहेत. पहाटेचे रायसी, संध्याकाळचे देवसी, पंधरा दिवसांचे पक्खी, चार महिन्यांचे चौमासी आणि वर्षाचे संवत्सरी. मी बी.कॉम. झालेली, मला यात दुकानाच्या वह्या दिसतात. रोजमेळ रोज लिहायचा, त्यावरून खतावणी करायची, आणि वर्ष संपले की ताळेबंद. ज्याने वर्षभर रोजमेळच लिहिला नाही, त्याचा ताळेबंद ३१ मार्चच्या रात्री कसा जुळणार? संवत्सरी हा आपला ताळेबंद आहे. रोजमेळाचे काय?

श्वेतांबर परंपरेतल्या पहिल्या कर्मग्रंथात क्रोधाच्या चार पायऱ्या दिल्या आहेत. पाण्यावरची रेघ, वाळूवरची रेघ, जमिनीची भेग आणि डोंगराची भेग. पहिला राग फार तर पंधरा दिवस टिकतो, दुसरा चार महिने, तिसरा वर्षभर आणि चौथा जन्मभर. आता पक्खी, चौमासी आणि संवत्सरीच्या मुदती याच्या शेजारी मांडून बघा. राग पुढच्या पायरीवर जाण्याआधी तो पुसायची संधी प्रत्येक वेळी ठेवलेली आहे.

जमिनीची भेग म्हणजे काय, हे आपल्या बीड जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस झाला की मिटतात. पण पाऊस दरवर्षी येतो का? २०१२ आठवा, २०१५ आठवा. टँकरपुढे घागरींच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मनातल्या भेगा मिटवायला वर्षातल्या एका पावसावर विसंबणे आपल्याला तरी परवडणारे नाही.

मोबाईलच्या संदेशात आणखी एक गोम आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नावे घालता येतात, पण समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला नसेल तर तो संदेश त्याला पोहोचतच नाही. म्हणजे रागाच्या भरात जिने आपला नंबर काढून टाकला, नेमकी तीच राहून जाते.

आमच्या ओळखीत दोन जावा होत्या. दुकानाच्या वाटणीनंतर बोलणे बंद झाले. दर संवत्सरीला घरच्या ग्रुपवर दोघींचे संदेश यायचे, एकीच्या खाली एकीचा. फाल्गुनात मोठी गेली. बैठकीला आलेली धाकटी मला हळूच म्हणाली, "भाभींना उठता-बसता येत नव्हतं, हे मला आज कळतंय." क्षमा तर दोघींनीही दरवर्षी मागितली होती.

म्हणून मला नियम हवासा वाटतो. आपल्याकडे "थोडं कमी खाईन" असे पच्चक्खाण नसते. नवकारसी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे. त्यात मुदत आहे, मोजमाप आहे, म्हणून ती लहान मुलांनाही पाळता येते. "सगळ्यांच्या संपर्कात राहीन" हा नियम नव्हे, ती नुसती इच्छा झाली. "प्रत्येक पक्खीला दोन फोन करीन" हा नियम. अधिक महिना नसेल तर वर्षात २४ पक्खी येतात, म्हणजे ४८ माणसे. एवढ्यात आपले बहुतेक सगे-सोयरे बसतात.

पहिला फोन एकट्या पडलेल्या माणसाला. आष्टी, कडा, पाटोदा, शिरूर, कुठेही बघा, मुले पुण्याला आणि मोठ्या वाड्यात दोघे म्हातारे, किंवा एकच. दुसरा फोन जिथे काही अडले आहे तिथे. जुना हिशेब उकरायचा नाही, स्थळांची चौकशी करायची नाही. तब्येत विचारायची आणि ऐकायचे. दहा मिनिटे पुरतात. वहीत तारीख, नाव आणि पुढच्या वेळी काय विचारायचे, एवढी एक ओळ लिहून ठेवायची. एखादी पक्खी चुकली तर पुढच्या पक्खीला दोन फोन जास्त.

या यादीत फक्त आपलाच समाज नको. आपल्याकडे धुणी-भांडी करणारी बाई दसरा-दिवाळीला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते ती उन्हाळ्यातच परतते. आपण क्षमा सर्व जीवांची मागतो आणि मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपतो. मग पौष महिन्यात, ती थंडीत उघड्यावर कोपीत असताना, "पोरं कशी आहेत?" एवढे विचारायला काय हरकत आहे?

"दर वेळी मीच का फोन करायचा?" असे काही जणी म्हणतील. सामायिक करताना शेजारणीने केली का, हे विचारून आपण बसत नाही. ज्याची त्याने करायची. फोनचेही तसेच.

वही घरात असतेच. येत्या पक्खीच्या आधी त्यात दोन नावे लिहा. दुसरे नाव लिहिताना हात थोडा थांबेल. तोच फोन आधी करा.

जय जिनेंद्र.