बिनतारी संदेशकांची नोंद कोण ठेवणार?

आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराखाली गाडले गेले. दीडशेवर माणसे त्यात मृत्युमुखी पडली. हा अनर्थ प्रथम ध्यानी आला तो कोणा सरकारी यंत्रणेच्या नव्हे, तर नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एस.टी.च्या चालकाच्या. रोज जेथे गाव दिसे तेथे त्यास मातीचा ढिगारा दिसला. पिंपरी-चिंचवडहून चाकण, राजगुरुनगर, मंचर असा नाशिक रस्ता धरून पुढे पश्चिमेस वळले की माळीण येते. ते काही परदेशात नाही. मोटारधंद्याच्या जोरावर जगाच्या नकाशावर गेलेल्या या औद्योगिक पट्ट्याच्या शेजारी एक गाव नाहीसे व्हावे आणि त्याची वार्ता एस.टी. आली म्हणून कळावी, ही गोष्ट विसरण्याजोगी खासच नाही.

अशा प्रसंगी उपयोगी पडेल असा नागरिकांचा एक लहानसा वर्ग आपल्यात आहे, पण त्याचे अस्तित्व फारसे कोणाच्या गावी नसते. हे हौशी बिनतारी संदेशक. जगभर त्यांना ‘हॅम’ म्हणतात. केंद्र सरकारची परीक्षा देऊन, परवाना मिळवून, ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे आपले संकेतनाम घेऊन ही मंडळी स्वखर्चाने उभारलेल्या यंत्रावरून देशोदेशींच्या समव्यसनी लोकांशी बोलत असतात. मोबदला घेऊन निरोप पोहोचविणे अथवा धंद्याच्या कामी यंत्र वापरणे त्यांना मना आहे. शेजाऱ्यांच्या दृष्टीने गच्चीवर तारा ताणून बसणारा हा एक निरुपद्रवी छांदिष्ट, क्वचित संशयितही.

घरटी दोन-दोन मोबाइल असताना या छंदाची मातब्बरी काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कारखान्यास आग लागली, पूल कोसळला, तर अग्निशामक दलास पहिला निरोप दूरध्वनीनेच जाणार आणि तसाच जावा. परंतु मोबाइल हे वरवर बिनतारी दिसणारे यंत्र प्रत्यक्षात जमिनीवरील मनोऱ्यावर, त्याच्या विजेवर आणि बहुधा भूमिगत तारेवर अवलंबून असते. वीज गेली की मनोरा काही काळ बॅटरीवर चालतो आणि मग मुका होतो. लाखो लोकांनी एकाच वेळी फोन लावला तर सारे शाबूत असूनही कोणाचाच लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईकरांनी हा अनुभव घेतला. हॅमच्या दोन यंत्रांमध्ये मात्र हवेखेरीज दुसरे काही नसते. मोटारीच्या बॅटरीवर यंत्र चालते. हातातील यंत्राने गावातल्या गावात, टेकडी वा इमारत आड न आल्यास त्याहून लांबही बोलता येते, आणि लघुलहरींवर शेकडो मैलांचा पल्ला गाठता येतो.

किल्लारी (१९९३) आणि भूज (२००१) येथील भूकंपांत हौशी संदेशकांनी सेवा केली. तथापि सर्वांत बोलके उदाहरण अंदमानचे आहे. त्या बेटांवरून हौशी प्रक्षेपणास अनेक वर्षे परवानगी नव्हती. मोठ्या खटपटीने ती मिळवून भारती प्रसाद व त्यांचे सहकारी डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरला गेले होते. हेतू इतकाच, की दुर्मीळ ठिकाणाहून बोलून जगभरच्या हॅमना आनंद द्यावा. २६ डिसेंबरला भूकंप झाला, त्सुनामी आली, दळणवळण कोलमडले आणि हौसेसाठी नेलेली यंत्रे मुख्य भूमीकडे खुशालीचे निरोप पाठविण्याच्या कामी आली. या घटनेचे कौतुक पुष्कळ झाले. आम्हांस मात्र ती वाचताना अस्वस्थ वाटते; कारण यंत्रे व माणसे तेथे होती हा निव्वळ योगायोग होता. परवानगीचा कागद महिनाभर आणखी अडून राहिला असता तर?

हा योगायोग व्यवस्थेत बदलणे पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात विशेष निकडीचे आहे, कारण येथील कारभाराची विभागणीच मोठी चमत्कारिक आहे. २०१८ साली पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र पोलिस आयुक्तालय झाले आणि चाकण त्याच्या हद्दीत आले. महसुलाच्या दृष्टीने मात्र चाकण खेडच्या तहसीलदाराकडे. गावठाण नगरपरिषदेचे, कारखान्यांची जमीन औद्योगिक विकास महामंडळाची, आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याची अंतिम जबाबदारी पुण्यात बसलेल्या जिल्हाधिकाऱ्यांची. उद्या एखाद्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि त्याच वेळी फोन बंद पडले तर यांपैकी कोणी कोणास कळवायचे? पोलिसांची बिनतारी यंत्रणा आहे, पण ती पोलिसांच्या कामासाठी आहे व त्या वेळी तिला उसंत नसणार. कोणत्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत, कोणत्या शाळेत किती माणसे आणून बसविली आहेत, त्यांची नावे काय, ही माहिती कोणत्याही खात्याच्या हक्काच्या वाटेने जात नाही. हौशी संदेशकाचे खरे काम तेथे आहे. रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६ च्या नियमांन्वये स्थानिक पातळीवर संकट गट नेमून सराव घ्यावयाचे असतात. त्या सरावांत दोन-चार हॅमना खुर्ची देण्यास कोणत्या नव्या कायद्याची गरज आहे?

सरावाची याहूनही चांगली संधी दरवर्षी दाराशी चालत येते. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून तुकोबांची आणि दुसऱ्या दिवशी आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. लाखो लोक, अरुंद रस्ते, पावसाचे दिवस, चुकलेली मुले आणि थकलेली म्हातारी माणसे: संदेशवहनाची याहून कठीण परीक्षा कोणती? पश्चिम बंगालमधील हौशी संदेशक गंगासागरच्या यात्रेत हरवलेल्या यात्रेकरूंची घरच्यांशी गाठ घालून देतात. आपल्याकडे तर ही परंपरा रेडिओपेक्षा जुनी आहे. माउलींच्या समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो, टाळमृदंग क्षणात थांबतात आणि हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. बिनतारी जाळ्याचा नियंत्रक नेमके हेच करीत असतो. एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे, निरोप मोजक्या शब्दांत सांगावा आणि घेणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा. ही शिस्त यंत्राबरोबर खोक्यातून येत नाही. ती सवयीने येते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. फुकट मिळणारे मनुष्यबळ म्हटले की आपल्या संस्थांची नजर बदलते. हॅमला बोलावून मालमोटारींची ये-जा सांभाळण्यास बसविणे, अथवा त्यास पुढाऱ्यांच्या स्वागताच्या व्यवस्थेस जुंपणे, असले प्रकार होता कामा नयेत; पहिला तर परवान्याच्या अटींविरुद्धच जाईल. उलट हौशी मंडळींनीही परवान्याविना स्वस्त यंत्रे घेऊन मिरविणाऱ्यांस आपल्या पंक्तीस बसवू नये. उंच जागी पुनःक्षेपक यंत्र बसविल्यास हातातील यंत्रांचा पल्ला कितीतरी वाढेल. भंडारा व भामचंद्र हे तुकोबांच्या चिंतनाचे डोंगर त्यासाठी कोणाच्या मनात येतील, पण ते आहेत तसेच राहू द्यावेत. या पट्ट्यात उंच इमारतींचा दुष्काळ नाही.

महापालिकेने करावयाचे ते एवढेच: हद्दीतील व लगतच्या परवानाधारकांची त्यांच्या संमतीने नोंद करावी, पोलिस आयुक्तालयाच्या सहीचे ओळखपत्र द्यावे, म्हणजे ऐन गर्दीत हातातील यंत्र पाहून शिपाई त्यांस अडविणार नाही, आणि कामावर असताना इजा झाल्यास विम्याची तरतूद करावी. गृहनिर्माण संस्थांच्या गच्चीवर तार ताणू न देण्याचे ठराव होतात. तेथे आयुक्तांच्या एका पत्राने पुष्कळ काम होईल. खर्च म्हणावा तर काही बॅटऱ्या आणि एका खोलीचा. ज्येष्ठापूर्वी एखादी बैठक बोलावली, तर यंदाच्या पालखीला आकुर्डीच्या मुक्कामी एक मेज, दोन खुर्च्या आणि एक उंच काठी उभी करता येईल.