सुटा भाग आणि बांधलेला ग्राहक

कोणतीहि वस्तु विकत घेणें म्हणजे तिच्यावर स्वामित्व मिळविणें, असा आपला सर्वांचा भोळा समज आहे. पैसे मोजले, पावती घेतली, वस्तु घरीं आणली कीं ती आपली झाली! परंतु तीच वस्तु पंधरा-वीस वर्षांनीं बिघडते, तिच्यांतील मूठभर आकाराचा एक भाग निकामी होतो, आणि ‘तो भाग आतां मिळत नाहीं, नवी वस्तु घ्या’ असें उत्तर कारखानदाराकडून येतें. तेव्हां आपण तिचे धनी नव्हतों, केवळ कूळ होतों, हें ध्यानांत येतें. या उत्तराला व्यापारी जगांत अपरिहार्यता म्हणतात. माझ्या मतें ती निव्वळ अरेरावी आहे, आणि तिचा प्रतिवाद करणें हाच या लेखाचा हेतु आहे.

उदाहरण परदेशांतलें घेतों. कारण तेथें या प्रश्नाला कडाक्याच्या थंडीची धार आहे. अमेरिकेच्या वायव्य भागांत लाकूड कापण्याच्या गिरण्या पुष्कळ, आणि त्यांच्या भुशाचे ढीगहि तसेच. १९७३ च्या तेलटंचाईनंतर दुसऱ्या इंधनाची गरज भासूं लागली, तेव्हां या भुशाला भाव आला. तो दाबून केलेल्या सुमारें पाव इंच जाडीच्या कांड्यांना ‘पेलेट’ म्हणतात. त्यांत गोंद घालावा लागत नाहीं. लाकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्यच उष्णतेनें व दाबानें मऊ होऊन भुसा बांधून ठेवतें. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत वॉशिंग्टन राज्यांतील जेरी व्हिटफील्ड या अभियंत्यानें अशा कांड्यांवर चालणारी घरगुती शेगडी सिद्ध केली, आणि पुढें अनेक कारखाने या धंद्यांत उतरले.

शेगडीची रचना मोठी मार्मिक आहे. पेटींत कांड्या भरून ठेवावयाच्या. एक मळसूत्री दांडा मंद गतीनें फिरत त्या थोड्या थोड्या अग्निपात्रांत टाकतो. एक पंखा धूर बाहेर ओढतो व जाळाला हवा पुरवितो, दुसरा तापलेली हवा खोलींत सोडतो. धुराड्याची ओढ कमी झाली वा उष्णता प्रमाणाबाहेर गेली, तर लहानसे स्विच कांड्यांचा पुरवठा थांबवितात. मळसूत्र फिरविणारी मोटर मिनिटाला अवघे दोन-चार फेरे घेते. ती थांबली कीं पोटांत मणभर इंधन असूनहि शेगडी विझते.

मोटर जळणें ही कांहीं आपत्ति नव्हे. झिजणें हा यंत्राचा धर्मच आहे. आपत्ति पुढें आहे. त्या काळचे कित्येक कारखाने बुडाले, कांहीं दुसऱ्यांनीं गिळले, कांहींनीं जुने नमुने टाकून दिले. ऐन बर्फाच्या दिवसांत मालक मग शिल्लक माल धुंडाळीत फिरतो, किंवा दुसऱ्या कोणाची मोडीत निघालेली शेगडी विकत घेऊन तिचीं आंतडीं आपल्या शेगडींत बसवितो.

येथेंच खरी मेख आहे. शेगडी करणारानें ती मोटर बहुधा स्वतः केलेलीच नसते. मंदगति मोटरी करणारे कारखाने निराळे. पैसे टाकतांच वस्तु देणाऱ्या यंत्रांतहि याच जातीच्या मोटरी असतात. शेगडीवाला त्या विकत आणतो, आपल्या पुस्तकांतला क्रमांक देतो, आणि तोच क्रमांक भागाचें नांव म्हणून ग्राहकाच्या हातीं ठेवतो. शेगडीवाला नाहींसा झाला कीं तो क्रमांक मेला. मोटर मात्र जिवंत असते. निराळ्या नांवानें दुसऱ्याच दुकानांत पडून असते. तिचा विद्युद्दाब, मिनिटाचे फेरे, फिरण्याची दिशा, दांड्याची जाडी आणि बसविण्याच्या भोंकांचें अंतर, एवढीं पांच मापें कळलीं तर जाणता कारागीर तिची जोड शोधून काढील. यांतलें एकहि माप उपेक्षणीय नाहीं. दिशा उलटी झाली तरी कांड्या पुढें सरकणार नाहींत. परंतु हीं पांचहि मापें बोटभर पट्टीवर मावतात! तेव्हां भाग दुर्मिळ नसतो. त्याची ओळख दुर्मिळ केलेली असते.

सर्वच भाग असे सुलभ नाहींत, हें मान्य केलें पाहिजे. ओतीव अग्निपात्र त्या त्या शेगडीच्याच घडणीचें असतें, आणि सर्व व्यापार चालविणारी विद्युत्‌मंडलाची पाटी तिच्यासाठींच जुळविलेली असते. तेथें नुसत्या नांवानें भागणार नाहीं. आकृति व जोडणीचा आराखडा लागेल. पण ज्या नमुन्याचे भाग करण्याचें कारखानदारानें स्वखुषीनें सोडलें, त्याचा आराखडा कुलपांत ठेवून तो कोणतें गुपित राखतो? स्वतः जेवावयाचें नाहीं आणि दुसऱ्याला वाढूंहि द्यावयाचें नाहीं, ही कोणती नीति?

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. विस्तवाशीं खेळ आहे. भलताच भाग बसवाल तर घर पेटेल, विषारी वायु कोंडेल. भय खोटें नाहीं. परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष आक्षेपकांच्या उलट आहे. उष्णतेचा स्विच किती अंशांवर तुटला पाहिजे, हें ज्याला सांगितलें आहे तो योग्य स्विच आणील. ज्याच्यापासून लपविलें आहे तो अंदाजानें आणील. थंडीनें कुडकुडणाऱ्या मनुष्याला अज्ञानांत ठेवून सुरक्षितता साधत नाहीं.

दुसरा आक्षेप स्वच्छ हवेचा. अमेरिकेच्या पर्यावरण-खात्यानें २०१५ मध्यें नवे नियम केले, आणि १५ मे २०२० पासून नव्या शेगडीच्या धुरांतील कणांची मर्यादा तासाला २ ग्रॅमवर आणली. उत्तम केलें. पण ते नियम नव्या मालाच्या उत्पादनाचे व विक्रीचे आहेत. घराघरांत बसलेल्या शेगड्या त्यांनीं मोडीत काढल्या नाहींत. आणि मोटर न मिळाल्यामुळें एखादें गरीब कुटुंब पुन्हां जुन्या ओंडक्यांच्या शेगडीकडे वळलें, तर हवा अधिक स्वच्छ कशी होणार?

तिसरा आक्षेप असा कीं, व्यवहारांत हें शक्यच नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांत तें कित्येक वर्षें प्रत्यक्ष चालत होतें. १८९२ मध्यें स्वीडनांत निघालेल्या प्रायमसच्या घराण्याचा पंपाचा स्टोव्ह घ्या. पिन, वायसर, निपल, बर्नर हे भाग कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळत. माप दाखविलें कीं काम होई, कारखान्याची वंशावळ क्वचितच विचारावी लागे. स्टोव्हच्या भडक्यांचा दुःखद इतिहास मी विसरलों नाहीं. पण त्यावरचा उपाय भाग कसोटीला लावणें हा आहे, ते दुर्मिळ करणें हा नव्हे. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थनें १८४१ मध्यें मळसूत्राच्या आट्यांचें एकच माप सुचविलें, तें याच विचारानें. हा विचार न मानल्याचें फळ अमेरिकेनें १९०४ मध्यें बाल्टिमोर शहरांत पाहिलें. इतर शहरांहून बंब धांवत आले, परंतु अनेकांच्या नळ्यांचे आटे तेथील नळांना बसेनात. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या.

कायदे आतां कोठें जागे होत आहेत. युरोपीय संघानें २०२१ पासून, ठरलेले भाग शीतकपाटासाठीं निदान सात व धुलाईयंत्रासाठीं निदान दहा वर्षें पुरविण्याचें बंधन घातलें. भारत सरकारनेंहि २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. हीं पावलें स्वागतार्ह असलीं तरी अपुरीं आहेत. कारण मुदत संपली कीं ग्राहक पुन्हां दारांत उभा! पंचवीस वर्षें टिकणाऱ्या वस्तूला दहा वर्षांचें बंधन पुरत नाहीं, आणि बुडालेल्या कारखान्यावर तर कोणतेंच बंधन चालत नाहीं.

म्हणून मागणी निराळी हवी. कारखानदारानें भाग पिढ्यान्‌पिढ्या कोठारांत साठवावे, असें कोणी म्हणत नाहीं. त्यानें प्रत्येक भागावर मूळ उत्पादकाचें नांव, त्याचा क्रमांक आणि मापें छापावीं. विक्रीच्या दिवशींच आराखडा सार्वजनिक दप्तरीं ठेवावा. आणि ज्या दिवशीं तो भाग करणें सोडील, त्या दिवसापासून तो करण्याची मोकळीक कोणाहि लोहाराला, ओताऱ्याला वा यंत्रज्ञाला असावी. यांत कारखानदाराचा खर्च शाईचा व कागदाचा. एवढेंहि तो नाकारीत असेल, तर त्यानें आपल्या पावतीवर ‘विकली’ हा शब्द खोडून ‘भाड्यानें दिली’ असें प्रामाणिकपणें लिहावें. म्हणजे किती पैसे मोजावयाचे तें ग्राहकहि ठरवील.