छंद छायाचित्रणाचा : पोलादाचे पाणी

खंडेनवमीला शस्त्रे पुजायची आणि दिवाळीत त्यांचे फोटो आप्तेष्टांना पाठवायचे, असा नवा रिवाज अलीकडे पडू लागला आहे. रिवाज चांगला. परंतु तक्रार सगळ्यांची एकच : “कट्यार हातात घेतली की कशी लखलखते! फोटोत मात्र डब्याचा पत्रा दिसतो.”

याचे कारण सोपे आहे. घासलेले पोलाद हा एक आरसाच. आरशाचा फोटो घेता येत नाही. आरशात जे दिसते त्याचा येतो. तेव्हा पात्याचा फोटो घ्यायचा म्हणजे त्या पात्याला काय दाखवायचे ते आधी ठरवायचे. एवढे ध्यानात आले की निम्मे काम झाले.

हे मला नीट उमगले ते अलिबागजवळच्या थळला. थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर उंदेरी आणि पलीकडे खांदेरी दिसते. 1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले. पुढच्याच वर्षी सिद्दीने उंदेरी बळकावून तटबंदी उभारली. 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत जे बारा मराठा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे. अशा गावात जुन्या घरी एखादी कट्यार निघावी यात नवल नाही. माझ्या आत्याच्या घरी ती आहे.

गेल्या वर्षी घराची कौले बदलायची होती. आतेभावाने कट्यारीचा फोटो मोबाइलवर काढून जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला पाठवला. रात्रीची वेळ, डोक्यावर पिवळा दिवा, खाली लाल मखमल आणि वर फ्लॅश! उत्तर आले : गंजलेले लोखंड, भंगाराच्या भावाने घेऊ. आत्या मला म्हणाली, “अरे, द्यायची की नाही ते मग बघू. पण आहे तरी काय, ते मला कळू दे.”

फोटो पाहताच तिन्ही दोष दिसले. फ्लॅशने पात्यावर मधोमध पांढरा डाग पडला होता आणि बाकी पाते काळे. मखमलीचा लाल रंग पात्यात उतरला होता. पिवळ्या दिव्याने मुठीवरचा सोन्याचा बारीक नक्षीकाम पितळेसारखा केला होता, आणि गंज कुठला व सावली कुठली हेही उमगत नव्हते.

आम्ही मेज पडवीत आणले. सकाळी नऊचा सुमार, ऊन अंगणात, पडवीत सावली. पण वाडीतल्या गावठाणात एक अडचण असते. नारळी-पोफळींतून येणारा उजेड हिरवा असतो आणि खालचा तांबडा कोबा तांबडी छटा वर फेकतो. डोळ्याला ते जाणवत नाही, कारण मेंदू ते सावरून घेतो. कॅमेरा सावरत नाही. म्हणून वाडीच्या बाजूला स्वच्छ पांढरे धोतर ताणून बांधले, कोब्यावर पांढरी चादर पसरली, आणि मेजावर करड्या खादीचा तुकडा घातला. घरातले सगळे दिवे बंद केले. दोन जातींचे उजेड एकत्र आले की रंग सुधारणे कुणाच्याही हातात राहत नाही.

आता पाते दुधासारखे पांढरे दिसू लागले, पण सपाट! चहूकडे पांढरेच दाखवले तर असेच होते. उपाय घरगुती आहे. काळ्या कागदाची दोन बोटे रुंद पट्टी पात्याच्या एका अंगाला उभी धरायची. तिची काळी रेघ पात्यात पडते, धार आणि मधली शीर उठून दिसते. मग कट्यार हळूहळू फिरवत गेलो. एका कोनावर आत्याच पुढे वाकून म्हणाली, “अगोबाई, हे पाण्यासारखं काय दिसतंय?”

तेच पोलादाचे पाणी. जाणते त्याला जौहर म्हणतात. हिंदुस्थानी मुशीतल्या पोलादात कर्बाचे प्रमाण बरेच असते; त्यातले कठीण कण पट्ट्यापट्ट्यांनी बसतात आणि ही लाट उमटते. खुद्द फॅरडेने 1819 साली या पोलादाचे पृथक्करण केले होते. तिरप्या, मऊ उजेडातच ही लाट दिसते. फोटोसाठी म्हणून पाते राखेने किंवा घासणीने घासाल तर ती जाईल. मऊ कोरड्या फडक्याने कुंकू आणि ओल पुसावी, बस्स.

रंगाचे म्हणाल तर पहिल्या फोटोत पात्याशेजारी करडे कार्ड किंवा साधा पांढरा कागद ठेवावा. पिवळ्या दिव्याचा उजेड सुमारे 2700 ते 3000 केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा 5500 च्या आसपास, सावलीचा 7000 च्या वर. मोबाइलमधल्या किंवा संगणकावरच्या व्हाइट बॅलन्सने तो कागद रंगहीन करावा आणि तेच माप पुढच्या सगळ्या फोटोंना लावावे. तिथेच थांबावे. रंग भडक करण्याचा मोह आवरावा; तांबडा मोकळा गंज आणि काळसर-तपकिरी जुना थर यांतला फरक त्यानेच पुसला जातो, आणि जाणकाराला नेमका तोच पाहायचा असतो. मोबाइल फार जवळ नेऊ नये, मूठ फुगते. दोन पावले मागे येऊन दुप्पट झूम वापरावा. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर टेकवून टायमर लावावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी.

हे फोटो शस्त्रांच्या एका अभ्यासकाला दाखवले. पाते जौहरदार आहे आणि मुठीवर कोफ्तगिरीचे सोने आहे, असा त्याने निर्वाळा दिला. व्यापाऱ्याने लगोलग भाव वाढवला. आतेभाऊ आईकडे पाहू लागला. आत्या म्हणाली, “कौलं नारळांच्या पैशांवर होतील. दोन वर्षं उशिरा होतील, एवढंच.”

विकायचे की ठेवायचे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हा 1972 चा कायदा मात्र लक्षात असावा. आणि हत्यारच हवे असे नाही; आजीचा अडकित्ता, चांदीचे निरांजन, फराळाचे स्टीलचे ताट, सगळ्यांना हाच नियम लागू. फोटो झाला की वस्तूची लांबी, ती कुणाकडून आली आणि फोटोची तारीख मागे लिहून ठेवा. सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच ते होते.