पासबुक अजून कपाटात का आहे?

दहा रुपयांची कोथिंबीर घेतली तरी आपण आता क्यूआर कोड शोधतो. वीजबिल, गॅस, मुलांची फी, रेल्वेचं तिकीट, सगळं फोनवर होतं. पण निवृत्तीचे पैसे कुठे ठेवायचे, मुलीच्या शिक्षणासाठी एफडी कुठे करायची, असा विषय निघाला की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "ते आपण बँकेत जाऊनच करू या." तुमच्याही घरी असंच होतं ना?

तरुण मंडळी याला जुनाटपणा म्हणतात आणि मोठी माणसं सावधपणा. मी स्वतः पंचविशीतली आहे. माझा पगार, भाडं, बचत सगळं फोनवरूनच चालतं. तरीही मला वाटतं, हा संकोच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात काही खरे प्रश्न दडलेले आहेत. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं नियमांत आहेत, फक्त ती आपल्याला कोणी सांगत नाही. आणि एक प्रश्न असा आहे, ज्याचं उत्तर कुठल्याच ॲपमध्ये नाही. ते घरात बसूनच शोधावं लागतं. एकेक पाहू या.

ही खरंच बँक आहे का?

आधी नावांचा घोळ मिटवू. 'डिजिटल बँक' हा शब्द आपण वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिली गोष्ट म्हणजे आपल्या नेहमीच्या बँकेचं ॲप. दुसरी, पेमेंट्स बँक. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो, पण ती कर्ज देऊ शकत नाही आणि दिवसअखेर एका ग्राहकाचे जास्तीत जास्त दोन लाख रुपयेच ठेवून घेऊ शकते. तिसरी, निओबँक. ॲप सुंदर असतं, खर्चाचे रंगीत तक्ते असतात, पण स्वतःचा बँकेचा परवाना नसतो. तिच्या मागे एखादी परवानाधारक बँक असते आणि आपले पैसे खरं तर त्या बँकेत असतात. शाखा नसलेल्या बँकांसाठी वेगळा परवाना असावा, असं नीती आयोगाने जुलै २०२२ च्या अहवालात सुचवलं होतं. म्हणजे हा गोंधळ फक्त आपल्या आजीच्या डोक्यात नाही, तो मोठ्या टेबलांवरही चर्चेत होता.

म्हणून खातं उघडण्याआधी एकच प्रश्न विचारा: माझे पैसे नेमक्या कोणत्या बँकेत राहणार? त्या बँकेचं नाव ॲपमध्ये कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते सापडलं नाही तर तिथे पैसे ठेवू नका.

अजून एक गोष्ट. फक्त आधारच्या ओटीपीवर घरबसल्या उघडलेल्या खात्याला मर्यादा असतात. त्यात एक लाखापेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात पूर्ण केवायसी करावी लागते. व्हिडिओ कॉलवर केवायसी करायला रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये परवानगी दिली. ती केली असेल तर या मर्यादा लागत नाहीत. हे माहीत नसलं की एक दिवस खातं अचानक बंद पडल्यासारखं होतं आणि मग सगळा राग 'डिजिटल'वर निघतो.

पैसे अडकले तर कोणाला विचारायचं?

संकोचाचं सगळ्यात मोठं कारण हेच असावं. शाखेत गेलं की समोर माणूस असतो. तो कधी चिडतो, कधी जेवायला जातो, कधी "उद्या या" म्हणतो, पण तो असतो. ॲपमध्ये चॅट उघडलं की पाच पर्याय येतात आणि आपली अडचण नेमकी त्या पाचांत नसते.

इथे नियम आपल्या बाजूने आहेत. समजा, तुम्ही भावाला यूपीआयने पैसे पाठवले. तुमच्या खात्यातून गेले, पण त्याच्याकडे पोहोचले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले पैसे अडकले तर पाच दिवसांची मुदत आहे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

बँकेकडे लेखी किंवा ॲपवरून तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी एक पैसाही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. म्हणजे समोर माणूस नसला तरी दाद मागायला जागा आहे. मात्र आपलं म्हणणं आपल्यालाच नीट लिहून मांडावं लागतं आणि ते सगळ्यांना जमत नाही. घरात ज्याला जमतं, त्याने बाकीच्यांसाठी करायचं.

कोणी फसवलं तर?

ही भीती अगदी खरी आहे. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम इथे माहीत असायला हवा. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी खात्यातून पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य धरलं जातं. सात दिवसांपर्यंत उशीर झाला तर तुमच्यावर मर्यादित भार येतो. पण तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचं.

थोडक्यात, घाबरून किंवा लाजून गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. बँकेला फोन करा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. घरातल्या मोठ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा: "फसवणूक झाली तर आम्ही रागावणार नाही, पण त्याच मिनिटाला सांगा." मुलं ओरडतील या भीतीने आई-बाबा दोन दिवस काहीच बोलत नाहीत आणि तेवढ्यात पैसे पुढे निघून जातात.

एक सोपी खूणही लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइटचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन' असा करायला सांगितलं होतं. मेसेजमधल्या लिंकचा शेवट तसा नसेल तर ती उघडूच नका.

बँकच बुडाली तर?

"शाखा आहे म्हणजे बँक पक्की," असं बरेच जण मानतात. पण पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेला शाखा होत्या, काउंटर होते, वर्षानुवर्षं ओळखीचे कर्मचारी होते. तरी सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढता येणार होते. ही मर्यादा पुढे वाढली, पण कित्येक कुटुंबांचे ते दिवस फार वाईट गेले. दुसरीकडे, ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आले आणि १५ मार्चनंतर तिथे नवे पैसे जमा करणं बंद झालं. असलेली शिल्लक मात्र ग्राहकांना काढता येत होती.

या दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की कळतं, इमारत असणं ही हमी नाही आणि नसणं हा धोकाही नाही. हमी आहे ती ठेव विम्याची. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विमा आहे. त्याच बँकेच्या चार शाखांत चार खाती असली, तरी तुमच्या नावावरची सगळी रक्कम एकत्रच मोजतात. पेमेंट्स बँकेतल्या ठेवीलाही हा विमा आहे. वॉलेटमधल्या पैशांना मात्र तो नाही. तेव्हा मोठी रक्कम असेल तर ती दोन-तीन बँकांत वाटून ठेवा.

फोन एकाचा, पैसा घराचा

आता तो प्रश्न, ज्याचं उत्तर नियमांत नाही.

पासबुक कपाटात असायचं. साड्यांच्या खाली, कागदांच्या पिशवीत, पण घरात सगळ्यांना माहीत असायचं की ते तिथे आहे. बाबा गावाला गेले, आजारी पडले किंवा देवाघरी गेले, तरी आई ते पासबुक घेऊन बँकेत जाऊ शकायची. खात्यात किती आहे, कुठल्या बँकेत आहे, हे कागदावर लिहिलेलं होतं.

फोनवरच्या खात्याला बोटाचा ठसा लागतो, तोही एकाच माणसाचा. स्टेटमेंट त्याच्याच ईमेलवर जातं. अशी बरीच खाती एकाच नावावर उघडलेली असतात. उद्या त्या माणसाला काही झालं, तर घरच्यांना खातं होतं हेच कळणार नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं. कोणी विचारायलाच न आलेल्या ठेवी वेगवेगळ्या बँकांत शोधण्यासाठी ते आहे. असं पोर्टल काढावं लागलं, यातच सगळं आलं.

उलट बाजूही आहे. मुलगा बंगळुरूत, आई इंदूरला. आईच्या खात्याला मुलाचा नंबर जोडलेला, "तुला कशाला त्रास" म्हणून. आता आईला स्वतःच्याच पैशांसाठी मुलाच्या मीटिंगची वेळ बघावी लागते, कारण ओटीपी त्याच्या फोनवर जातो. तिने "मला बँकेतच जाऊ दे" म्हटलं, तर तो हट्ट समजू नका. तिला कोणाला न विचारता पैसे काढायचे आहेत, एवढंच.

एक गंमतही सांगते. वडोदऱ्याच्या शाखेतला फॉर्म गुजराती, हिंदी, इंग्रजीत मिळेल. मराठीत मिळेलच असं नाही. भीम ॲप मात्र तिथेही मराठीत उघडतं. आईला तिच्या भाषेत, तिच्या नंबरवर, तिच्या फोनवर सगळं लावून दिलं, तर कदाचित तिचा संकोच तुमच्याआधी जाईल.

मग करायचं काय?

सगळंच फोनवर न्यायला हवं, असं कोणी सांगितलंय? रोजच्या खर्चाचं खातं वेगळं ठेवा. त्यात महिन्याला लागतील तेवढेच पैसे असू द्या आणि यूपीआय त्यालाच जोडा. साठवणीचं खातं वेगळं, शक्यतो जोडीदाराबरोबर संयुक्त, आणि घराजवळ शाखा असलेल्या बँकेत. फोन हरवला किंवा कोणी फसवलं, तर हात महिन्याच्या खर्चापर्यंतच पोहोचेल.

येत्या रविवारी चहा झाला की ही चार कामं करा:

१. प्रत्येक खात्यात नॉमिनी आहे का ते बघा. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. नॉमिनीला बँक पैसे देते, पण मालकी वारसांचीच असते, हेही लक्षात असू द्या.

२. एका वहीत बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे आणि जोडलेला मोबाइल नंबर लिहा. पिन आणि पासवर्ड लिहू नका. वही कुठे आहे, ते घरातल्या अजून एकाला सांगा.

३. आई-बाबांच्या खात्याला त्यांचाच नंबर जोडलाय ना, ते तपासा.

४. १९३० आणि बँकेचा हेल्पलाइन नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये साठवा. एक कागदावरही लिहा, कारण फोनच हरवला तर फोनमधला नंबर काय कामाचा?

एवढं झालं की मग आजी "बँकेत जाऊनच करू या" म्हणाली, तर खुशाल जा तिच्याबरोबर. आणि येताना तिच्या पासबुकात नोंदी छापून आणा.