चेहऱ्याचे गुण आणि खोटे व्हाउचर

परवा शेजारच्या वहिनी मुलीचा बायोडाटा घेऊन आल्या. मी बँकेतून निवृत्त झालो आणि वर चार कादंबऱ्याही लिहिल्या, तेव्हा असले कागद मला चांगले जमतात, असा भुसावळच्या आमच्या गल्लीत समज आहे. शिक्षण, नोकरी, उंची, सारे लिहून झाले होते. ‘रंग’ या शब्दापुढे मात्र जागा कोरी होती. ‘‘भाऊ, नुसते ‘गव्हाळ’ लिहू की ‘उजळ गव्हाळ’?’’ वहिनींनी विचारले. एम. एस्सी. झालेल्या मुलीने मोबाइल पुढे केला. ‘‘काका, यालाच विचारा. याने मला दहापैकी सहा गुण दिलेत.’’ फोटो दिला की सौंदर्याचे गुण सांगणारे ते ॲप होते. ती हसली, पण ते हसू काही खरे नव्हते.

आता आकडा म्हटला की आपण मान तुकवतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो : लेजर टॅली झाले म्हणजे व्यवहार खरा, असे नव्हे. बेरीज बिनचूक आणि मूळ व्हाउचरच खोटे, असेही घडते. सौंदर्याच्या या ‘शास्त्रा’चे व्हाउचर एकदा तपासायला हवे.

ते जुने आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा नाकाच्या मापावर फार विश्वास होता. नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, असा त्यांचा हिशेब. नाक जितके रुंद, तितकी जात खालची, असा त्यांचा निष्कर्ष! गोऱ्या राज्यकर्त्याचे नाक हा नमुना धरला की दुसरे उत्तर कसे येणार?

या हिशेबाला आपल्याच माणसांनी उत्तर दिले, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. इरावती कर्वे १९२७ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे पुढे नाझींच्या वंशविचाराचे मोठे आधारस्तंभ ठरले. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण त्यांची बुद्धी वरचढ असल्याचे दाखवते, अशी त्यांची कल्पना होती. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या आणि कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही, असे त्यांच्याच संस्थेत लिहून दिले. परक्या देशात, गुरूच्या विरोधात! पुढे त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातिजमातींची मापे घेतली. म्हणजे त्यांचे भांडण मोजण्याशी नव्हते. उत्तर आधी ठरवून मोजण्याशी होते.

डॉ. आंबेडकरांनी तर हे हत्यार उलटेच वापरले. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांचे आकडे मांडले आणि दाखवले, की ही मापे खरी मानली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात.

एवढे झाल्यावर खाते बंद व्हायला हवे होते. पण झाले नाही. २०११ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील सातोशी कानाझावा यांनी काळ्या स्त्रिया इतरांहून कमी आकर्षक असतात, असे आकडेवारीनिशी लिहिले. आकडे आले कुठून? एका अमेरिकन पाहणीत मुलाखत घेणाऱ्यांनी समोरच्याच्या रूपाला आपल्या मनाने गुण दिले होते. बघणाऱ्याची आवड हेच व्हाउचर! २०१६ मध्ये यंत्राकडून एक सौंदर्यस्पर्धा घेतली गेली. शंभराहून अधिक देशांतून फोटो आले. ४४ विजेत्यांत सावळ्या वर्णाचा चेहरा जेमतेम एक. यंत्राला दुष्टावा नसतो. त्याला दाखवलेल्या नमुन्यांत गोरे चेहरेच फार होते. आमच्या शेजारच्या मुलीचे सहा गुण कोणत्या नमुन्यावरून आले, हे ते ॲप सांगत नाही.

खरे शास्त्र साधे आहे. त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक त्या किती आणि कसले रंगद्रव्य बनवतात, एवढाच. हे रंगद्रव्य उन्हापासून राखण करते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या आमच्या भुसावळात तर त्याचे उपकारच मानायला हवेत!

त्याऐवजी आपण ते पुसायला निघतो. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढला. डबीवरचा शब्द गेला, मनातला गेला नाही. आमच्याच लोहमार्गावरच्या अकोल्यात काही वर्षांपूर्वी एका घरातील तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंगद्रव्य रोखतो, हे खरे. पण तो मूत्रपिंडही नासवतो.

आणि दोष एकट्या कंपन्यांचा कशाला? ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ यातला ‘पण’ कुणा रिस्लेने लिहिलेला नाही. खानदेशातला शेतकरी जमीन घेताना काळी कसदार शोधतो, आणि सून शोधताना मात्र गोरी! मीही तसले बायोडाटे मुकाट्याने लिहून दिले आहेत.

या वेळी मी वहिनींना म्हटले, ‘‘हा रकानाच काढून टाकू.’’ त्या घुटमळल्या. ‘‘पाहुण्यांनी विचारले तर?’’ त्यांचे भय खोटे नव्हते. उत्तर मुलीनेच दिले, ‘‘आई, विचारणाऱ्यांचे घर आपल्याला नकोच.’’

त्या रकान्यावर मी रेघ मारली आणि कागद तिच्या हाती दिला.