निष्क्रिय खात्याचे वारसदार

गेल्या दिवाळीत मेव्हणा नागपूरहून आला आणि पहिल्याच चहाला विचारता झाला, "भाऊजी, तुमच्या चिंचवडात पाहण्यासारखं काय आहे?" मी छातीठोकपणे सांगितलं, "शनिवारवाडा!" तो पुण्यात आहे, ही क्षुल्लक बाब सौभाग्यवतींनी लक्षात आणून दिली.

आम्हां चिंचवडकरांचं हे असंच. राजस्थानात जाऊन गाइड सांगेल त्या राण्यांची नावं पाठ करू. पण पवनेकाठच्या मोरया गोसावींच्या समाधीपाशी चार मागण्या मांडून जे परत फिरू, ते मंदिराकडे मान वर करून पाहायचंसुद्धा नाही. आणि चापेकर चौक? ती रिक्षावाल्याला सांगायची खूण!

शेवटी मेव्हण्यानेच मला चिंचवडगावातल्या चापेकर वाड्यात नेलं. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली, एवढं शाळेत मार्कांपुरतं पाठ होतं. फाशीच्या तारखा कोणी नीट वाचल्या होत्या? दामोदर, १८ एप्रिल १८९८. वासुदेव, ८ मे १८९९. बाळकृष्ण, १२ मे १८९९. कारकुनी सवयीने मनात बेरीज केली : एका आईचे तीन मुलगे, तेरा महिन्यांच्या आत. पुन्हा ताळा करून पाहिला. बेरीज चुकली नव्हती. घरी येईपर्यंत मी बोललो नाही, याचं सौभाग्यवतींना अजून आश्चर्य वाटतं.

माझं भांडण सरकारशी नाही. त्याला अर्ज तीन प्रतींत लागतो. भांडण आहे 'आमचा जाज्वल्य इतिहास' म्हणत छाती फुगवणाऱ्यांशी, म्हणजे पर्यायाने माझ्याशीच. चाकणचा संग्रामदुर्ग घ्या. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने तिथे शायिस्तेखानाची फौज पन्नासहून अधिक दिवस रोखून धरली. खानाला बुरूज उडवायला सुरुंग लावावा लागला. उरलेलं काम आपण सुरुंगाशिवाय केलं. आज तिथे तटाचे तुकडे शोधावे लागतात.

आमच्या बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीही उद्या वारस कागदपत्रं घेऊन उभा राहिला, तर पैसे परत मिळतात. पडलेला तट कुठल्या काउंटरवर परत मिळतो? तिथे आपण सगळे वारसदार, आणि व्यवहार मात्र शून्य! पूर्वजांनी ठेव ठेवली, आपण भाषणांतून नुसतं व्याज खातो. मुद्दल शिल्लक आहे का, हे बघायला कोणी जात नाही.

तेव्हा येत्या रविवारी मुलांना घेऊन वाड्यात जाच. त्या तीन तारखा त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. खातं चालू राहायला एवढा व्यवहार पुरेल. सही जुळली नाही तरी चालेल.