एकवीरेच्या पायऱ्या आणि माया लोकांची पोथी

यंदा नववीच्या वर्गात मध्य अमेरिकेतील माया लोकांचा विषय निघाला. देवांनी प्रथम मातीचा, मग लाकडाचा मनुष्य घडविला. दोन्ही प्रयत्न फसले, तेव्हा अखेर मक्याचा घडविला, ही ‘पोपोल वूह’ ग्रंथातील कथा मुलांनी मोठ्या आवडीने ऐकिली. त्या लोकांची प्राचीन नगरे पाहावयास जावे, असेही कित्येकांस वाटले. तेव्हा मी विचारिले, “कार्ल्याचा डोंगर कोणी कोणी पाहिला आहे?” दांड्याच्या कोळीवाड्यातील एक मुलगा संकोचून म्हणाला, “सर, आम्ही दर चैत्रात आईच्या दर्शनाला जातो. पण तो काय अभ्यास आहे?”

हा प्रश्न माझ्या मनास लागला. दूरचे ते ज्ञान आणि घरचे ते भाबडेपण, ही वाटणी त्याला आम्हां शिक्षकांनीच शिकविली आहे.

एकवीरेच्या देवळाला लागूनच सुमारे 2000 वर्षांपूर्वीचे बौद्ध चैत्यगृह आहे. दर्शन झाले की बहुतेक मंडळी तेथे क्षणभर डोकावतात आणि पायऱ्या उतरू लागतात. आत 37 खांब. कित्येकांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. धेनुकाकट नावाच्या गावी राहणारे, स्वतःस यवन म्हणविणारे लोक त्यांत आहेत; प्रवेशद्वाराच्या लेखांत एक सुतार आहे, एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. छताच्या कमानीला लाकडी फासळ्या असून त्या मूळच्याच होत. पुढे बोलता बोलता तोच मुलगा म्हणाला, की आतले छत पालथ्या घातलेल्या होडीसारखे दिसते. मी त्या लेण्याविषयी पुष्कळ वाचिले होते, परंतु होडी बांधताना कधी पाहिली नव्हती. मला हे सुचले नाही.

त्याची आजी सांगते, की एकवीरेचे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधिले. चार पुस्तके वाचलेला विद्यार्थी येथे हसतो. त्याने हसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 1562 साली युकातान प्रांतातील मानी येथे दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया लोकांच्या चित्रलिपीतील पोथ्या सैतानी म्हणून जाळिल्या. हे लिहिताना मला, ख्रिस्ती मनुष्याला, लाज वाटते. परंतु ते झाकून कसे चालेल? पुढे त्यानेच नोंदून ठेविलेली अक्षरचिन्हे त्या लिपीचा उलगडा करण्यास उपयोगी पडली, हा दैवाचा विचित्र खेळ! याउलट, अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस्को हिमेनेस या दुसऱ्या पाद्र्याने ‘पोपोल वूह’ मूळ किचे भाषेत उतरून घेतले आणि शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिले. त्या कथांवर त्याचा विश्वास नव्हता. तरीही त्याने त्या लिहिल्या, म्हणूनच आमच्या नववीच्या वर्गाला मक्याचा मनुष्य ठाऊक झाला.

तेव्हा दांड्याच्या विद्यार्थ्यांनो, येत्या चैत्रात वही बरोबर न्या. निघण्यापूर्वी लेण्याविषयी वाचा, आणि आजीची गोष्ट तिच्याच शब्दांत, तिच्याच कोळी बोलीत लिहून घ्या; ती ‘शुद्ध’ करण्याच्या भरीस पडू नका. पालकांस एवढीच विनंती, की दर्शनानंतर परतीची घाई अर्धा तास आवरावी आणि मुलांस त्या खांबांपाशी बसू द्यावे.